भिंतीची कातडी

लोकांना वाटतं, माझा कॅमेरा भिंतीच्या आरपार बघतो. दर घरात हे एकदा तरी ऐकावं लागतं आणि दर घरात माझं टाळकं फिरतं. कुणी हळूच विचारतं, शेजारचे काय करतात ते दिसेल का. कुणी पोटावरून हात फिरवत विचारतं, सकाळी खाल्लेलं दिसतंय का. एका गृहस्थांनी तर सासऱ्यांनी घरात लपवलेलं सोनं शोधून द्या म्हणून मला बोलावून घेतलं होतं. त्यांना मी जे सांगितलं ते चारचौघांत सांगण्याजोगं नाही.

तर पुन्हा एकदा सांगते. हा कॅमेरा आरपार काही बघत नाही. तो भिंतीची कातडी बघतो. ती कातडी कुठं कोमट आहे नि कुठं गार, एवढंच रंगांत सांगतो. ऊब असेल तिथं पिवळं-पांढरं, गारठा असेल तिथं निळं-जांभळं. हिवाळ्यात घर तापवायला लोक जिवाचा आटापिटा करतात आणि ती ऊब कुठल्यातरी फटीतून, पातळ भिंतीतून, ढिल्या चौकटीतून गुपचूप पळून जाते. ती कुठून पळते ते शोधून सांगणं हा माझा धंदा.

धंदा जुना झाला, पण नवल काही जुनं होत नाही. मांजर उठून गेलं की गादीवर मांजराएवढी ऊब बसून राहते. अनवाणी माणूस फरशीवरून गेलं की त्याची पावलं मागं उजळत राहतात आणि मग एकेक करून विझतात. कुणी टेबलावर हात टेकून उठलं की पाचही बोटं तिथं शिल्लक. आपण सगळे दिवसभर आपल्या खुणा मागं ठेवत फिरत असतो आणि कुणाला त्याचा पत्ताही नसतो. मी काही देवभोळी बाई नाही. पण हे बघताना माझी बडबड आपोआप थांबते, आणि माझी बडबड थांबणं किती दुर्मीळ आहे ते माझ्या नवऱ्याला विचारा.

त्या घराचं काम मुलानं फोनवर सांगितलं. मुलगा म्हणजे पन्नाशीला आलेला माणूस, पण सगळं बोलणं ‘आईला’नं सुरू होऊन ‘आईला’वर संपणारं. आईला छातीचं दुखणं होतं. आईच्या खोलीत दिवसभर हीटर चालू असायचा, तरी आई शालीत कुडकुडत बसायची. डॉक्टरांनी बजावलं होतं की खोली नीट तापत नसेल तर आईनं हा हिवाळा तिथं काढायचा नाही.

“ऊब अडवायला भिंतीत फोम भरून घ्यायचं ठरवलंय,” तो म्हणाला. “कामगार परवा येतायत. कुठली भिंत भरायची तेवढं तुम्ही उद्या येऊन सांगा. त्यानंही नाही भागलं तर आईला माझ्याकडे घेऊन जाणार.”

“आई काय म्हणतात?”

“आई म्हणते, मला नेशील ते चौघांच्या खांद्यावरूनच.”

आई मला न बघताच आवडल्या.

हे काम ऊन पडायच्या आत करायचं असतं. एकदा ऊन भिंतीवर आलं की भिंत सूर्याचं ऐकते, घरातल्या माणसांचं नाही. म्हणून मी फटफटायच्या सुमाराला तिथं पोचले. गवतावर दव गोठलं होतं आणि बुटाखाली कुरकुरत होतं. गल्लीच्या टोकाला विटांचं बैठं घर, एक छप्पर, एकच धुराडं, पण पुढची दारं दोन, शेजारी शेजारी. एकाच घराचे मधोमध दोन भाग केलेले. नुसत्या डोळ्यांना दोन्ही भाग सारखेच दिसत होते, जुने आणि नीटनेटके. मी रस्त्यापलीकडे उभी राहिले आणि कॅमेरा डोळ्यांसमोर धरला.

डावीकडचं अर्धं घर पिवळसर होतं. खिडक्यांच्या कडा उजळलेल्या, दाराखालची फट लखलखीत. हे मी रोज बघते. उजवीकडचं अर्धं घर मात्र काळंनिळं होतं. तिथं काही म्हणजे काहीच नव्हतं. भिंत, खिडकी, दार, अंगणातला दगड, सगळ्यांचा रंग एकच. राहत्या घराची असली अवकळा मी कधी पाहिली नव्हती.

मुलगा दारात माझी वाट बघत उभा होता. “हे शेजारचं रिकामं आहे का?” मी विचारलं.

“नाही हो. मावशी राहते.”

“मग परगावी गेल्यात?”

“असते ना. घरातच असते.” त्यानं आवाज खाली आणला. “तिला थंडी आवडते, लहानपणापासून. आणि आमचं येणंजाणं नाही. आजोबा गेल्यापासून दोघी बहिणी बोलत नाहीत. आईसमोर विषय काढू नका.”

मी म्हटलं, मला काय करायचंय, मी भिंती बघायला आलेय. पण आत जाताना मी त्या काळ्यानिळ्या अर्ध्याकडे पुन्हा एकदा वळून बघितलं.

काकूंची, म्हणजे त्याच्या आईची, खोली लहानशीच. खिडकीखाली हीटर, कोपऱ्यात झाकून ठेवलेलं शिलाई मशीन, भिंतींना फिकट वेलबुट्टीचा वॉलपेपर, कडेकडेनं थोडा सुटलेला. काकू शाल गुंडाळून एका लाकडी स्टुलावर, भिंतीला पाठ टेकून चहा पीत बसल्या होत्या. खोलीत चांगली गुबगुबीत आरामखुर्ची होती, तीही हीटरशेजारी, पण तिच्यावर घडी केलेले कपडे विसावले होते.

“ये गं,” त्या म्हणाल्या. “तूच का ती आरपार बघणारी?”

माझं टाळकं फिरायच्या बेतात होतं, पण त्यांच्या डोळ्यांत मिस्कीलपणा दिसला आणि मी कामाला लागले.

मी खिडकीपासून सुरुवात केली. खिडकी घट्ट, चौकटीला नवी रबरी पट्टी. छत उत्तम. बाहेरच्या दोन्ही भिंती तर इतक्या चांगल्या की मला शंका यायला लागली. हीटर बिचारा भट्टीसारखा तापला होता आणि खोली गारच. ऊब जात तर होती, पण जायला वाट कुठं होती? मी पुन्हा सगळीकडून फिरले. मुलगा घड्याळाकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

आमच्या धंद्यात एक खोड आहे. आम्ही बाहेरच्या भिंती बघतो, आतल्या बघत नाही. घरातली ऊब घरातच तर राहणार, असा आमचा हिशेब. दोन खोल्यांमधल्या भिंतीकडे कॅमेरा वळवणं म्हणजे वेळ फुकट घालवणं. ती एकच भिंत उरली होती, आणि काकू नेमक्या तिलाच टेकून बसल्या होत्या.

“काकू, जरा उठता का? ही भिंत बघायचीय.”

“हीच कशाला? बाकीच्या बघ की.”

“बाकीच्या बघून झाल्या.”

त्या कुरकुरत उठल्या. मुलानं स्टूल बाजूला केलं. मी कॅमेरा धरला आणि भिंतीत दार उगवलं.

खरंच सांगते, उगवलंच ते. वेलबुट्टीत डोळ्यांना मागमूस नव्हता, पण स्क्रीनवर चौकट, उंबरा, वरची आडवी पट्टी, सगळं जिथल्या तिथं. दाराएवढी जागा, त्या खोलीतली सगळ्यात गार, गडद जांभळी. फक्त मध्ये एक पिवळा डाग होता, काकू टेकून बसल्या होत्या तिथं.

“अरे, हे तर मधलं दार!” मुलगा ओरडलाच. “मी लहानपणी इथूनच मावशीकडे पळत जायचो. आजोबांच्या नंतर दार काढून नुसती एक प्लायवूडची फळी ठोकलीय, त्यावर हा कागद. म्हणजे आईची सगळी ऊब मावशीच्या घरात जातेय!” त्याला चोर सापडल्याचा आनंद झाला होता. “सापडलं. उद्या हेच भरून टाकू. आत फोम, वर जाड बोर्ड. ढेकणाला जायला जागा ठेवायची नाही.”

काकू उभ्यानंच चहा प्यायला लागल्या.

“काकू,” मी म्हटलं, “खोलीतली सगळ्यात गार जागा शोधून तिथं स्टूल मांडलंत की तुम्ही! ती आरामखुर्ची काय कपड्यांना थंडी वाजते म्हणून ठेवलीय?”

“मला इथं बरं वाटतं,” त्या म्हणाल्या, आणि कपात बघत राहिल्या.

रिपोर्टाला स्वच्छ फोटो लागतो. पाठ टेकलेल्या भिंतीचा फोटो म्हणजे खोटा फोटो, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. माणसाची ऊब भिंतीवर रेंगाळते, ती विझू द्यायची, मग फोटो घ्यायचा. म्हणून मी थांबले. मुलगा दाराचं माप घ्यायला टेप शोधायला गेला. मी स्क्रीनकडे बघत उभी राहिले.

डाग विझायला लागला. आधी कडा गेल्या, मग रुंद खांदे फिकटले, पिवळ्याचं तांबूस झालं, तांबड्याचं जांभळं. नेहमीसारखंच. पण खालच्या बाजूला, जरा डावीकडे, काहीतरी उरलं. मी थांबले. ते उरलेलंच राहिलं. मला वाटलं कॅमेरा बिघडला. मी भिंग पुसलं, बंद करून पुन्हा चालू केला. होतंच. वाटलं, आतून गरम पाण्याचा पाइप गेला असेल. पण पाइप सरळ रेघ काढतो. हे तसं नव्हतं. ह्याला उतरते खांदे होते, काकूंच्या खांद्यांपेक्षा अरुंद. आणि खांद्यांच्या वर एक गोल, एका बाजूला कललेला, जसं कुणी डोकं टेकून कान लावून बसावं तसा.

मग तो गोल हलला. पाइप हलत नाही.

भिंतीला कान असतात असं आपण उठताबसता म्हणतो, पण तो कान मी त्या दिवशी पिवळा-तांबडा, डोळ्यांसमोर बघितला. जिवंत माणसाची ऊब एवढ्याशा फळीतून पाझरून ह्या बाजूच्या कागदावर उमटली होती. कॅमेरा अजूनही भिंतीची कातडीच बघत होता. पण कातडीखाली कुणीतरी होतं, आणि ते आमचं सगळं बोलणं ऐकत होतं. इतक्या घरांत फिरले, इतकं काही बघितलं, पण असं आश्चर्य माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

“काय दिसतंय?” काकूंनी विचारलं.

मी न बोलता स्क्रीन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा चढवला. बराच वेळ बघितलं.

“ही मी नाही,” त्या म्हणाल्या.

“नाही. तुमची ऊब विझली.”

“ही ठेंगणी आहे.” त्यांनी स्क्रीनवर बोट नेलं, पण टेकवलं नाही. “आणि मान बघ कशी वाकडी. पहिल्यापासून अशीच बसायची. बाबा म्हणायचे, हिच्या मानेत खिळा बसवायला देव विसरला.”

त्या हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

“तुम्हाला ठाऊक होतं?” मी विचारलं.

“ठाऊक नव्हतं गं. वाटायचं. सकाळी खोकल्याचा आवाज यायचा, कप ठेवल्याचा यायचा. म्हणून मीही इथंच बसायला लागले. ती तिकडे बसत असेल असं वाटायचं. पण वाटण्याचं काय, माणसाला काहीही वाटतं.” त्यांनी शाल घट्ट ओढली. “माझी खोली गार आहे हे सांगायला मला तुझा कॅमेरा कशाला हवा? माझी हाडं सांगतात की. तिची किती गार आहे ते बघायचं होतं मला. मुलगा म्हणाला कॅमेरेवालीला बोलावू, मी म्हटलं, बोलाव.”

म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवलं होतं त्यांनी. मला त्यांचा राग यायला हवा होता, माझ्या तापट डोक्याला एरवी तेवढं पुरतं. पण मला नुसतं भरून आलं.

मग त्यांनी आपणहून सांगितलं, हलक्या आवाजात. दोघी लहान होत्या तेव्हापासून भांडण एकच. धाकटी खिडकी उघडणारी, थोरली लावणारी. एकीला कोंडल्यासारखं व्हायचं, दुसरीला हुडहुडी भरायची. बाबा शेवटच्या दुखण्यात तिकडे, धाकटीच्या अर्ध्या घरात होते. त्यांनी तिच्याकडे वारा मागितला, तिनं खिडकी उघडली. त्याच आठवड्यात ते गेले. “मी सगळ्यांसमोर तिला म्हणाले, तुझ्या खिडकीनं नेलं बाबांना. डॉक्टर म्हणत होते, तसं नाही, त्यांचं ठरलेलंच होतं. मी ऐकतेय कुठली? तिनं दुसऱ्या दिवशी सुतार बोलावून दार काढलं आणि फळी ठोकून घेतली. त्यात तिची काही चूक नव्हती.”

“मग बोलायचं ना, काकू.”

“बोलायचं ना!” त्यांनी माझी नक्कल केली. “सुंभ जळतो गं, पीळ कुठं जळतोय.”

जरा वेळानं त्यांनी विचारलं, “तिकडे फार गार आहे का?”

कॅमेरा आरपार बघत नाही, हे माझं वाक्य जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. “फार गार आहे, काकू. मी बाहेरून बघितलंय. त्या घरात हीटर चालूच नाही. त्या घरात गरम असं एवढंच आहे.” मी स्क्रीनवरची ती ठेंगणी पाठ दाखवली. “आणि ही फळी भरली तर इकडून जाते तेवढी ऊबही तिकडे जाणार नाही.”

तेवढ्यात मुलगा लोखंडी टेप घेऊन आला. “चला, माप घेऊन ठेवतो,” म्हणाला आणि टेप उलगडून त्यानं भिंतीला लावली.

“थांब,” काकू म्हणाल्या.

त्यांनी त्याचा हात बाजूला केला, गुडघ्यावर हात टेकत खाली वाकल्या आणि भिंतीपाशी तोंड नेलं, तो गोल होता तिथं.

“छोटे,” त्या म्हणाल्या. “खिडकी लावलीयेस ना?”

स्क्रीनवरचा गोल फळीपासून सुटला. त्याची जागा फिकी व्हायला लागली. मुलाच्या हातातली टेप सर्रकन आपली आपण गुंडाळली गेली, तेवढाच काय तो आवाज. मला वाटलं, उठली, गेली. काकूंनी डोळे मिटून घेतले होते.

गोल परत आला.

“लावलेलीच असते, ताई,” पलीकडून आवाज आला. इतका जवळून की जणू खोलीतच कुणी बोललं. “बाबा गेले तेव्हापासून उघडलीच नाही मी.”

काकूंनी भिंतीवर तळवा टेकवला. बोलायला गेल्या, पण खोकलाच आला. पलीकडची मावशी खोकला थांबेपर्यंत थांबली. तिला त्या खोकल्याची सवय असणार.

“कोंडत नाही तुला?” काकूंनी विचारलं.

“सवय झाली.”

“आणि हीटर? तो का बंद?”

“तो केव्हाचा बिघडलाय. एकटीसाठी कशाला दुरुस्त करायचा? तुझी ऊब येते की इकडून. पाठीला पुरते.”

मुलगा मटकन आरामखुर्चीतल्या कपड्यांवर बसला. मी दुसरीकडे बघितलं, पण बघून बघून बघणार कुठं? एवढीशी तर खोली.

काकू सरळ झाल्या. नाक पुसलं. मग हीटरपाशी गेल्या आणि बटण करकर फिरवून पार शेवटाला नेलं.

“छोटे, ऊठ,” त्या भिंतीकडे बघून मोठ्यानं म्हणाल्या, शाळेत जायला उशीर होणाऱ्या बहिणीला थोरली बहीण म्हणते तशा. “ऊठ आणि खिडकी उघड. मी हीटर वाढवलाय.”

हीटर वाढवून खिडकी उघडायची! माझ्या धंद्यात ह्याच्याएवढं मोठं पाप नाही. असं करणाऱ्या लोकांना मी त्यांच्याच घरात उभी राहून झापलंय. त्या दिवशी मात्र माझ्या तोंडातून चकार शब्द फुटला नाही. पलीकडे पावलं वाजली. खिटी गंजून बसली असावी, कारण खडखड झाली, मग कुणीतरी हातानं धपका मारला, आणि लाकूड किरकिरत सुटलं. पहिल्या पाखरांचा आवाज फळीतून आत आला.

मी स्क्रीन बघत होते. बाहेरची थंडी त्या घरात शिरली तसं ते दार गडद होत गेलं, जांभळ्याचं जवळजवळ काळं झालं. ठेंगण्या पाठीची जागा पार विझली. काकू माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या, त्यांचा श्वास माझ्या कानाला लागत होता. काळ्या दारात काहीच नव्हतं. मग खालच्या बाजूनं एक तांबूस ठिपका आला, पसरला, खांदे आले, मान आली, वाकडी. मावशी परत येऊन बसली होती.

काकूंनी स्टूल ओढलं, जागच्या जागी ठेवलं आणि पाठ टेकून बसल्या. मी फोटो घेतला. नियमानं तो खोटा फोटो, रिपोर्टाला चालणारा नव्हे, पण माझ्या सगळ्या कामांतला तेवढा एकच मी घरी नेला.

“अगं आई,” मुलाला शेवटी वाचा फुटली, “पण उद्या ते कामगार यायचेत त्यांना काय सांगू?”

“येऊ देत की,” काकू म्हणाल्या. “येताना करवत घेऊन या म्हणावं.”